समुद्रावर मांडलेलं बिऱ्हाड

केबिनचं दार उघडल्यावर आईनं पलंगाकडे पाहिलं नाही, खिडकीकडेही नाही. ती सरळ न्हाणीघरात शिरली. तोटी फिरवली, ओंजळीत पाणी धरलं, वास घेतला, थेंबभर जिभेवर ठेवलं आणि बाहेर येऊन मला विचारलं, “किती वाजता जातंय?”

“संध्याकाळी निघेल जहाज.”

“जहाज न्हाई रे. पानी.”

मी म्हणालो, जात नाही, चोवीस तास असतं. तिनं मान हलवली, पण पटल्यासारखी नाही. नवीन ठिकाणी पोचल्यावर पहिल्यांदा पाणी बघायचं, हे तिनं १९८४ पासून २०१२ पर्यंत दरवर्षी केलं आहे. अठ्ठावीस गळीत हंगाम. तेवढ्या वेळा तिनं परक्या मुलखात पहिली संध्याकाळ काढली. जहाजावरची ही एकोणतिसावी, एवढाच तिच्या लेखी फरक होता.

आमचं गाव बीड जिल्ह्यात, शिरूर कासार तालुक्यात. बालाघाटाच्या माथ्यावरच्या या पट्ट्यात ‘जाणं’ या शब्दाला एकच अर्थ आहे. “औंदा जायचंय का?” असं कुणी विचारलं तर कुठं हे सांगावं लागत नाही. दसरा झाला, की मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, अंगावर घेतलेली जोडपी ट्रकमध्ये बसतात आणि सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, नाहीतर थेट कर्नाटकातल्या उसाच्या फडावर उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. हिशोब माणसांचा नसतो, कोयत्यांचा असतो. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, परत यायचं नाही. ‘फिरायला जाणं’ ही गोष्ट आमच्या घरात माझ्या लग्नानंतर आली, तीही माहूर-तुळजापूरपुरती.

फडावरची पहिली संध्याकाळ मी लहानपणी चार वेळा पाहिली. पुढे मला शाळेसाठी आज्जीजवळ ठेवलं. ट्रक दिवस मावळायच्या सुमारास थांबायचा. वरून माणसं उतरायची, मग पेट्या, बाजरीची पोती, कोंबड्यांच्या पाट्या, बांधलेली शेरडं. कुणी कुणाला काही सांगायचं नाही, सगळ्यांना आपापलं काम पाठ. पुरुष बांबू रोवून चटया आवळायचे, वर पाचट किंवा ताडपत्री टाकायचे, तासाभरात कोपी उभी. आई तोवर घागर घेऊन पाणी शोधायला गेलेली असायची. कारखान्याचा नळ, एखादं पाटाचं पाणी, नाहीतर जवळच्या मळ्यातली विहीर. ती पाणी घेऊन आली की तीन दगडांची चूल मांडायची. पहिली भाकरी तव्यावर पडली की बिऱ्हाड लागलं असं धरायचं. मग कुणीतरी विचारायचं, गाडी कधी येणार? गाडी रात्री दीड-दोनला यायची. पहिल्याच रात्री ऊस भरायला.

त्यामुळे या वर्षी जानेवारीच्या अखेरीस मी आई, वडील (त्यांना आम्ही दादा म्हणतो), बायको आणि नऊ वर्षांच्या लेकीला घेऊन मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या जहाजात बसलो, तेव्हा माझं लक्ष समुद्रापेक्षा आईच्या हातांकडेच जास्त होतं. हे हात आज संध्याकाळी काय करणार?

जायचं ठरलं ते रेल्वेमुळे. १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडहून अहिल्यानगरला पहिली गाडी सुटली. अहिल्यानगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ मध्ये मंजूर झाला, मागणी त्याहून कितीतरी जुनी. दादा त्या दिवशी स्टेशनवर जाऊन आले. गाडीत बसायला मिळालं नाही, पण डब्याला हात लावून आले. आणि बरोबर तीन दिवसांनी, २० सप्टेंबरला, मुंबईत बॅलार्ड पियरजवळच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं. वर्षाला दहा लाख प्रवासी हाताळण्याची त्याची क्षमता सांगितली जाते. दोन्ही बातम्या मी एकाच आठवड्यात वाचल्या. बीडच्या माणसाला आता घराजवळ गाडीत बसून, एकदा बदलून, समुद्राच्या धक्क्यापर्यंत रुळांवरून जाता येतं, हे माझ्या डोक्यात घर करून बसलं. आईला सांगितलं तर म्हणाली, “उचल घेतली का कुनाची?” मी म्हणालो, माझ्या पगारातले साठवलेले आहेत. तिनं पुन्हा विचारलं, “नक्की?” तिच्या आयुष्यात कुठंही जाण्याआधी कुणाचं तरी देणं अंगावर चढत आलं आहे. पैसे आधी, जाणं नंतर, आणि मग सहा महिने ते फेडणं. आपण आपल्या पैशानं जातोय आणि परत येताना कुणाचं काही लागणार नाही, हे तिच्या मनाला शेवटपर्यंत खरं वाटलं नाही. या लेखात मला सांगायचं आहे ते एवढंच, बाकीचं सगळं त्याच्या भोवतीचं आहे.

धक्क्यावरून जहाज पहिल्यांदा दिसलं तेव्हा ती बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, “कंकालेश्वरासारखं हाय.” मला क्षणभर कळलं नाही. बीडचं कंकालेश्वराचं देऊळ चौकोनी कुंडाच्या मधोमध, पाण्यात उभं आहे. दगडी वाटेनं आत जायचं, चहूबाजूंनी पाणी. महाशिवरात्रीला तिथं यात्रा भरते आणि आई लग्नाआधीपासून तिथं जाते. पाण्यात उभी असलेली इमारत तिनं आयुष्यात तेवढी एकच पाहिली होती. तिची उपमा अगदी चोख आहे.

जहाजाचं नाव एम्प्रेस. १९९० साली ते फ्रान्समधल्या सें-नाझेरच्या गोदीतून ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावानं बाहेर पडलं आणि तीस वर्षं अमेरिका आणि युरोपकडच्या समुद्रांत फिरलं. सप्टेंबर २०२१ पासून ते कॉर्डेलिया क्रूझेसच्या नावाखाली मुंबईहून गोवा, लक्षद्वीप अशा फेऱ्या करू लागलं. लांबी सुमारे २११ मीटर, अकरा मजले, शेकडो खोल्या. त्याच्या आधी २०१८ च्या ऑक्टोबरात ‘आंग्रिया’ नावाचं जहाज मुंबई–गोवा मार्गावर सुरू झालं होतं. आणि त्याच्याही आधी, कोकणी माणसाच्या आठवणीतल्या त्या बोटी. भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या, बंदराबंदराला पडावातून माणसं उतरवणाऱ्या. ‘रोहिणी’, ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’. कोकणातल्या घरांत बोटीच्या गोष्टी आजीकडून नातवाकडे येतात. आमच्याकडे ट्रकच्या येतात.

जहाजात चढायला तिरपी फळी होती, दोन्ही बाजूंना कठडा. तिला गँगवे म्हणतात. पुढची दोन कुटुंबं जपून, कठडा धरून चालत होती. माझी लेकही थबकली. आईचं वय बासष्ट, गुडघे दुखतात, म्हणून मी हात पुढे केला. तिनं तो धरला नाही. पदर खोचला आणि ठरावीक लयीत, पाऊल आडवं टाकत, सरळ वर गेली. अठ्ठावीस वर्षं डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या अरुंद फळीवरून ती अशीच चढली आहे. ती फळी पायाखाली वाकते, दवानं निसरडी होते, आणि वेळ रात्रीची असते. वर पोचल्यावर तिनं मागं वळून पाहिलं आणि म्हणाली, “डोक्यावर काई न्हाई तर कसं मोकळं मोकळं वाटतंय.”

तिनं बांधून आणलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि धपाटी मात्र मुंबईतल्या पुतण्याच्या घरी राहिली. बाहेरचं अन्न चालत नाही हे त्यानं आधीच सांगितलं होतं. आईला ते लागलं. शिदोरीशिवाय ती कधी घराबाहेर पडलेली नाही.

निघण्याआधी सगळ्यांना एका ठिकाणी बोलावून सुरक्षेची तालीम दिली. भोंग्याचे सात आखूड आणि एक लांब आवाज झाला, तर कुठं जमायचं, जाकीट कसं बांधायचं. १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आदळून ३२ माणसं गेली, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या कितीतरी प्रवाशांची ही तालीम झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम बदलला, आता ती सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घ्यावीच लागते. मराठी माणसाला त्यासाठी इटलीपर्यंत जायचीही गरज नाही. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. तो खडक आमच्या वाटेपासून फार दूर नव्हता. दादांनी जाकिटाची दोरी दोनदा बांधून, सोडून, पुन्हा बांधून पाहिली. ट्रकच्या टपावर बसून, उसाच्या ट्रॉलीवर झोपून प्रवास केलेला हा माणूस. त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं, की उलटलं तर काय करायचं. दरवर्षी ट्रॉल्या उलटतात. दरवर्षी बातमी चार ओळींची असते.

साडेपाचच्या सुमारास जहाज सुटलं. ते सुटल्याचं कळतच नाही. धक्का हलतो असं वाटतं. फोर्टमधल्या इमारती मागं सरकू लागल्या, सूर्य त्यांच्या पाठीमागं होता. कुलाब्याचं टोक वळून प्रॉन्ग्जचा दीपस्तंभ उजवीकडे आला, १८७५ पासून उभा असलेला, आणि मग पुढं काहीच राहिलं नाही. फक्त पाणी आणि त्यावर टेकायला आलेला सूर्य. वरच्या डेकवर गाणी चालू होती, माणसं नाचत होती, लेक त्यांच्यात केव्हाच मिसळली. दादा कठड्याशी उभे राहून सूर्याकडे बघत म्हणाले, “गावाकडं मावळला आसंल.” मावळला होता. बीड आणि मुंबई जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, एकोणीस अंशाच्या लगत. मुंबईहून सरळ पूर्वेला नाकासमोर निघालं तर बीड लागतं. त्यामुळे सूर्य तिकडे आधी मावळतो आणि बारा-एक मिनिटांनी इकडे. दादांनी घड्याळ पाहिलेलं नव्हतं.

फोनला रेंज होती तोवर आईनं मावशीला लावायला सांगितला. मावशी आईपेक्षा बारा वर्षांनी लहान. ती अजून फडावर जाते. या हंगामात शिरोळ तालुक्यात होती. मी फोन स्पीकरवर ठेवला, वाऱ्यामुळे आईला ओरडून बोलावं लागत होतं.

“कुठं हायेस गं?”

“बोटीवर.”

“झोपायला काय हाय?”

“गादी हाय. लई मऊ.”

“आन् चूल?”

“चूल न्हाई. आयतं देतेत. गडी मान्सं करतेत सैपाक.”

मावशी खळखळून हसली आणि शेजारच्या कोपीतल्या कुणाला तरी ओरडून ही बातमी दिली. मग तिनं तेच विचारलं, जे आईनं मला विचारलं होतं. “पानी कसंय तिथलं?”

“चौफेर पानी हाय बघ. डोळं पुरत न्हाईत. पन समदं खारं.”

“मग पेता काय?”

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी उत्तर द्यायच्या आत फोन कटला. पुन्हा लागला नाही.

ते उत्तर मी मग आईला दिलं. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे पस्तीस ग्रॅम मीठ असतं. मोठी जहाजं बंदरातून गोडं पाणी भरून घेतात आणि किनाऱ्यापासून दूर, स्वच्छ समुद्रात गेल्यावर स्वतःही तयार करतात. एक रीत वाफेची. इंजिन तापतं, ती उष्णता वाया न घालवता खाऱ्या पाण्याला देतात. भांड्यातली हवा काढून दाब कमी केला की पाणी पन्नास-साठ अंशालाही उकळतं. वाफ धरून थंड केली की गोडं पाणी. दुसरी रीत दाबाची, अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून पाणी रेटायचं, मीठ अलीकडे राहतं. आई लक्ष देऊन ऐकत होती. पाण्याबद्दलचं काहीही ती असंच ऐकते. शेवटी म्हणाली, “मीठ कुठं टाकतेत?” परत समुद्रात, म्हणालो. “मंग समुद्र आनखी खारा व्हत आसंल.” जगभरातल्या खारं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पांना हाच प्रश्न पडलेला आहे.

अशा जहाजावर माणशी रोजचा पाण्याचा खर्च दोनशे लिटरच्या पुढे जातो. आमच्याकडे टंचाईत टँकर लागतो तेव्हा सरकारी हिशोब माणशी वीस लिटरचा असतो. नळयोजनेचं उद्दिष्ट पंचावन्न. हे आकडे मी आईला सांगितले नाहीत, तिला ते घागरींत ठाऊक आहेत. पण मला तिथं कठड्याशी उभं राहून बीडची खजाना विहीर आठवली. सोळाव्या शतकात, निजामशाहीच्या काळात बांधलेली. जमिनीखालच्या बोगद्यांतून पाणी आत येतं आणि बोगद्यातूनच शेतांकडे जातं. साडेचारशे वर्षांपूर्वी कुणीतरी ठरवलं होतं, की या कोरड्या मुलखात खजिना ओतायचा तो पाण्यासाठी. पाणी नाही हे नशीब आहे, असं मी लहानपणापासून ऐकत आलो. खाऱ्या समुद्राच्या मधोमध शेकडो लोक निवांत अंघोळ करतात तिथं ते वाक्य टिकत नाही. इथल्या एकाही माणसाला पाणी कमी पडता कामा नये, असं कुणीतरी आधी ठरवलं आहे. मग यंत्रं आली. आमच्यासाठी तसं कुणी ठरवलं नाही. उलट पाऊस साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास असलेल्या जिल्ह्यात ऊस लावला, आणि तो तोडायला शिकलेली माणसं दुसऱ्याच्या जिल्ह्यातला ऊस तोडायला पाठवली.

जेवणाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पदार्थ पुष्कळ होते. दादांनी भात-वरण घेतलं, आईनं पोळी घेतली आणि ताटातलं काहीही उरू दिलं नाही. मोठ्या भांड्यांत उरलेल्या अन्नाकडे ती वळून वळून बघत होती.

खोली आवरायला आलेला मुलगा गोव्याचा निघाला. सालसेतमधला, पंचविशीचा, मराठी बोलणारा. गोव्याला जहाजावर काम करणाऱ्या तारवटींची मोठी परंपरा आहे. मुंबईत धोबीतलावच्या आसपास त्यांच्या गावागावांच्या कूड आहेत, जहाज मिळेपर्यंत राहायच्या जागा. आईनं त्याला बसायला सांगितलं. तो बसला नाही, उभाच राहिला.

“किती महिने ऱ्हातोस बाबा घराबाहेर?”

“सहा-सात महिने, मावशी. मग सुट्टी.”

“लेकरं?”

“एक मुलगी आहे. आईकडे असते.”

आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. मी तिच्याकडे पाहिलं. मलाही दरवर्षी सहा-सात महिने आज्जीकडे ठेवलं होतं, अशी सात वर्षं. मग तिनं विचारलं, “आजारी पडलास तर खाडा धरतेत का?”

त्याला खाडा हा शब्द माहीत नव्हता. फडावर एक दिवस कामाला गेलं नाही तर मजुरी तर बुडतेच, वर दंड लागतो, तो खाडा. म्हणून तापात, बाळंतपणाच्या तोंडावर, पाळीच्या दिवसांत बाया ऊस तोडतात. मुलगा म्हणाला, नाही, आजारपणात पगार मिळतो, डॉक्टर जहाजावरच असतो. जगातल्या खलाशांसाठी २००६ साली एक आंतरराष्ट्रीय करार झाला. भारतानं तो २०१५ मध्ये स्वीकारला. चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती, आठवड्याला किमान सत्त्याहत्तर तास, घरी परत पाठवण्याची जबाबदारी मालकाची, आणि काम मिळवून देण्यासाठी खलाशाकडून दलाली घेता येत नाही. सगळीकडे तो पाळला जातो असं मी म्हणणार नाही, खलाशांचे हालही पुष्कळ आहेत. पण कागदावर माणसाच्या झोपेचे तास लिहिलेले आहेत. आमच्या भागातून काही लाख माणसं दरवर्षी फडावर जातात. त्यांच्या झोपेचे तास कुठल्या कागदावर आहेत? राज्यात ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं महामंडळ आहे, मुलांसाठी भगवानबाबांच्या नावाची वसतिगृहं आहेत, जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. हे सगळं हवंच होतं. पण गाडी रात्री दीडला आली तर भरायला उठायचं की नाही, हे अजून गाडीच ठरवते. समुद्रावर जे लिहिता आलं, ते जमिनीवर लिहायला काय अडचण आहे, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

मुलगा गेल्यावर आईनं कामाला सुरुवात केली. आमच्या दोन बाटल्या भरल्या. मेजावरचे चारही पेले भरले. चहाची किटली भरली. न्हाणीघरातली छोटी बादलीवजा कचरापेटी विसळून तीही भरायला निघाली, तेव्हा बायकोनं तिला हळूच थांबवलं. मी पुन्हा म्हणालो, आई, पाणी जात नाही. “गेलं तर?” ती म्हणाली, आणि पेल्यांवर बशा झाकल्या. मग कुठं ती पलंगावर टेकली. बिऱ्हाड लागलं.

दिवा मालवला. जहाज आता हलकेच डुलत होतं. मेजावरच्या बशा मधूनच किणकिणत होत्या. दादा झोपले असतील असं वाटलं होतं, तेवढ्यात अंधारातून आईचा आवाज आला.

“बाईवर उचल किती हाय?”

बाई म्हणजे मावशी.

“लाख हाय म्हनं,” दादा म्हणाले.

“कव्हा फिटंल?”

दादा हिशोब करत होते. टनाला साडेतीनशेच्या वर, जोडीचं रोज दोन टन, म्हणजे सातशे-सव्वासातशे. त्यांची बोटं पांघरुणाखाली हलत असणार. “पाडव्यापतोर फिटंल. खाडं न्हाई पडलं तर.”

थोडा वेळ कुणीच बोललं नाही.

“का रे,” आई मला म्हणाली, “चैतात आसती का ही बोट?”

“आसती,” मी म्हणालो. “पावसाळ्यापर्यंत आसती.”